वेताळाचं वतन

मार्च १९६४मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. किंमत ६० पैसे, प्रकाशक टाइम्स ऑफ इंडियावाले बेनेट कोलमन, नायक वेताळ. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६२ साली, महाराष्ट्रात कायदा होऊन महसुली पाटीलकी संपली होती आणि त्याच वर्षीच्या १ मेला जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या. बापाकडून लेकाकडे जाणारा गावचा कारभार सरकारनं मोडीत काढला आणि पाठोपाठ बापाकडून लेकाकडे असाच २१ पिढ्या चालत आलेला दुसरा एक कारभार रंगीत चित्रांतून गावोगावी दाखल झाला. हा निव्वळ योगायोग. पण इंद्रजालचे जुने अंक आज पुन्हा वाचायला घेतले की तो काही डोक्यातून जात नाही.

अंक वाचले ते नायगावात. नांदेडहून देगलूरच्या रस्त्याला पन्नासेक किलोमीटरवर हे गाव. आता तालुक्याचं ठिकाण, पूर्वी बिलोली तालुक्यातलं. पुढे नरसीचा चौक, तिथून एक रस्ता देगलूरला, एक बिलोलीला, एक मुखेडला. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे बाजारात मराठीच्या बरोबरीनं तेलुगू आणि दखनी कानावर पडते. अशा गावात ऐंशीच्या दशकात कॉमिक्सचं दुकान असण्याचा प्रश्नच नव्हता. अंक नांदेडहून यायचे, एसटीनं, कुणाच्या तरी पिशवीतून. एकदा गावात आला की तो अंक कुणा एकाचा राहत नसे. वर्गातल्या बाकांखालून, मळ्यातल्या आखाड्यावरून, लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या हातून फिरत फिरत त्याचं मुखपृष्ठ जाई, मग शेवटचं पान जाई, आणि गोष्टीचा शेवट ज्याला ठाऊक असेल त्याचा भाव वधारे.

त्या काळात स्टँडजवळ पानटपरी चालवणाऱ्या एका काकांकडे अंक भाड्यानं मिळत. दिवसाला दहा पैसे. टपरीच्या आत आडवी दोरी बांधलेली, तिच्यावर अंक वाळत घातल्यासारखे टांगलेले. टपरी केव्हाच गेली, तिथं आता त्यांच्या मुलाचं मोबाईलचं दुकान आहे. उरलेले अंक मात्र काकांनी घरी लोखंडी पेटीत जपलेत. पेटी उघडून देताना ते म्हणाले, “रद्दीवाला धा बार येऊन गेला. म्हटलं, ऱ्हाऊ द्या. लेकरायनं झिजवल्यात, इकाव्या कशाला?”

पेटीतल्या अंकांच्या पिना गंजल्यात आणि मधल्या पानावर त्यांचे तपकिरी डाग पसरलेत. रंग ठिपक्यांचे, आणि छापताना पट्टी सरकल्यामुळे वेताळाचा जांभळा रंग ठिकठिकाणी रेषेबाहेर सांडलेला. एका चौकटीत तो चक्क घोड्याच्या मानेवर उतरलाय. पण रेषा बघत राहावी अशी. गुहेच्या तोंडाला कोरलेली भली मोठी कवटी, आत मशालींचा उजेड, दगडी सिंहासन, आणि मुखवट्याआड बुबुळंच नसलेले पांढरे डोळे. शेजारच्या चौकटीत भिंतभर ग्रंथ मांडलेत. प्रत्येक वेताळानं आपल्या हातानं लिहिलेली ही रोजनिशी. काम संपलं की रात्री बसून नोंद करायची, असा त्या घराण्याचा शिरस्ता.

*

गोष्ट बहुतेकांना तोंडपाठ आहे, तरी थोडक्यात. १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटलं. त्यातून वाचलेला एक तरुण वाहत किनाऱ्याला लागला. जंगलातल्या बुटक्या, विषारी बाणांच्या जमातीनं त्याला जगवलं. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन त्यानं शपथ घेतली: मी आणि माझे वंशज चाचेगिरी, क्रौर्य, अन्याय यांच्याशी लढत राहू. पुढे प्रत्येक पिढीतला थोरला मुलगा तोच पोशाख, तोच मुखवटा, तीच कवटीची अंगठी घालून उभा राहतो. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा एकच माणूस चारशे वर्षं जगतोय.

हे सगळं रचणारा ली फॉक अमेरिकेतल्या सेंट लुईसचा. १९३४ साली त्यानं जादूगार मॅन्ड्रेक निर्माण केला आणि १७ फेब्रुवारी १९३६पासून ‘फँटम’, म्हणजे आपला वेताळ, वर्तमानपत्रात येऊ लागला. सुपरमॅन त्याच्या दोन वर्षांनंतरचा, बॅटमॅन तीन. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि मुखवटा ही अवतार-कल्पना पुढे ज्या नायकांनी जगभर नेली, त्यांच्या आधीचा हा. फॉकनं तेव्हा ना हिंदुस्थान पाहिला होता ना आफ्रिका. म्हणून सुरुवातीच्या गोष्टींत बंगालशी मिळतंजुळतं नाव, चाच्यांचं नाव ‘सिंग’, आणि जंगल मात्र धड इथलं ना तिथलं. पुढे हा सगळा प्रदेश हळूहळू आफ्रिकेत सरकला. आपल्याकडे छापताना इंद्रजालवाल्यांनी देशाचं नाव ‘डेंकाली’ केलं आणि ‘सिंग’चे ‘सिंगा’ केले. शेजारच्या राज्याचं नाव आणि हजारो घरांतलं आडनाव चाच्यांच्या गोष्टीत ठेवणं परवडणारं नव्हतं.

आपल्या मुलांना वेताळ परका वाटलाच नाही. चांदोबातला विक्रम-वेताळ घरोघरी होता आणि गावाबाहेर शेंदूर फासलेला वेताळाचा दगडही होता. शेंदराच्या दगडाला नारळ फोडून आलेलं पोर संध्याकाळी जांभळ्या पोशाखातला वेताळ वाचत बसे, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नसे. दुकानात फँटमच्या गोड सिगारेटी मिळत. त्या ओठांत धरून, आईच्या ओढणीचा मुखवटा बांधून, अंगठीच्या जागी बाटलीचं झाकण दाबून एकमेकांच्या गालावर खुणा उमटवण्याचा खेळ नायगावातही चाले.

पहिले ३२ अंक नुसते वेताळाचे होते. मग मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप कर्बी आला. मासिक होतं ते पाक्षिक झालं, पुढे साप्ताहिक झालं, आणि १९९०मध्ये आठशेहून अधिक अंकांनंतर बंद पडलं. टाइम्समध्ये असताना इंद्रजालच्या उभारणीत सहभागी असलेले अनंत पै यांनी १९६७ साली वेगळी वाट धरून ‘अमर चित्रकथा’ काढली, हे सगळ्यांना माहीत आहे. इंद्रजालच्या मुखपृष्ठांचे चित्रकार गोविंद ब्राह्मणिया यांचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. आतली चित्रं परदेशी पट्ट्यांवरून घेतलेली, पण टपरीतल्या दोरीवरून जो वेताळ आम्हाला हाक मारायचा तो बऱ्याचदा गोविंदांच्या कुंचल्यातला असायचा.

*

आता त्याच गोष्टी वाचताना मन अडतं ते वेगळ्याच जागी.

लहानपणी गाडी अडायची ती मारामारीवर. आता अडते ती गादीवर. वेताळाच्या अंगी अलौकिक असं काहीच नाही. तो उडत नाही, गोळी लागली तर त्याचं रक्त सांडतं. त्याची खरी ताकद एका गुपितात आहे: एक गेला की दुसरा लगेच त्याच्या जागी बसतो, आणि माणूस बदलला हे जंगलाला कळू द्यायचं नाही. मुलगा लहानपणी अमेरिकेत नातेवाइकांकडे शिकायला जातो. बाप मरणपंथाला लागला की निरोप येतो. मुलगा परततो, शपथ घेतो, पोशाख चढवतो, सिंहासनावर बसतो. बाहेर शिकून आलेला मुलगा बाप गेल्यावर गादीवर बसतो आणि लोकांना वाटतं घरात खंड पडलाच नाही, ही गोष्ट मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. तालुक्याच्या कुठल्याही चौकातला फ्लेक्स ती सांगतो.

वतनाची सगळी लक्षणं इथं जुळतात. हद्द ठरलेली, तिच्यात न्यायनिवाडा यांचा. मान ठरलेला. खजिना आहे, तोही दोन: एक संपत्तीचा, दुसरा इतिहासातल्या दुर्मीळ वस्तूंचा. दप्तर आहे, पिढ्यान्पिढ्यांचं. आणि रयत आहे. ढोल वाजवून सांगावा धाडणारी, वेताळ आला की हायसं वाटणारी. जंगलातल्या जमातींमध्ये तंटा झाला तर तो मिटवायला त्यांच्यातलं कुणी पुढे येत नाही. गोऱ्या माणसानं पांढऱ्या घोड्यावरून यावं लागतं. गुरन हा वेताळाचा बालमित्र, त्या बुटक्या जमातीचा नायक, शहाणा, वैद्यकी जाणणारा. पण चारशे वर्षांत ‘आता सिंहासनावर गुरन का नको?’ हा प्रश्न कुणाला पडत नाही.

हाच वेताळ पापुआ न्यू गिनीत गेला तेव्हा वाघी खोऱ्यातल्या लोकांनी त्याचं चित्र आपल्या लढाईच्या ढालींवर रंगवलं. न मरणारा माणूस ढालीवर असला तर आपणही मरणार नाही, हा त्यामागचा साधा हिशेब. स्वीडनमध्ये १९५०पासून त्याचं नियतकालिक निघतं, ऑस्ट्रेलियात १९४८पासून. कुठं त्याचा पोशाख निळा, कुठं लाल. फॉकच्या मनात तो राखाडी होता, पण १९३९ साली रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा जांभळा छापला गेला. पोशाखाचा रंग देशागणिक बदलला. गादीची रीत कुठंच बदलली नाही.

नायगावातले एक निवृत्त गुरुजी त्या काळी वर्गात सापडलेले इंद्रजालचे अंक जप्त करून कपाटात ठेवत. त्यांना हा वतनाचा मुद्दा सांगितला. ते हसले. म्हणाले, “मी जप्त करायचो ते अभ्यास बुडतो म्हणून. पण घरी नेऊन वाचायचोही. तुम्ही म्हणताय ते खरं आहे, पण अर्धंच. तो फॉक म्हातारा होईपर्यंत लिहीत होता ना? मग तो काय एकच गोष्ट सांगत बसला असेल का?”

*

गुरुजींचं बोलणं तपासायचं तर अंक छापल्याच्या क्रमानं वाचून भागत नाही. इंद्रजालनं नवी-जुनी कथानकं सरमिसळ छापली. या पंधरवड्यात विल्सन मॅकॉयच्या सपाट, साध्या रेषेतली जुनी गोष्ट, पुढच्या पंधरवड्यात साय बॅरीच्या रेखीव स्नायूंची नवी. मॅकॉय १९६१मध्ये वारला आणि बॅरीनं काम हाती घेतलं, ते १९९४पर्यंत केलं. चित्रकाराची रेघ ओळखता आली की गोष्ट कुठल्या काळातली ते कळतं. मग पेटीतले अंक घेऊन मॅकॉयचे एका बाजूला आणि बॅरीचे दुसऱ्या बाजूला लावले. तसे लावून वाचले तेव्हा फॉकची वाट दिसली.

जुन्या गोष्टींत जंगल म्हणजे भाबडे किंवा क्रूर रानटी लोक. मॅन्ड्रेकच्या गोष्टींत लोथार हा खरं तर आफ्रिकेतला राजपुत्र. पण तो बिबट्याच्या कातड्यात, गोंडेदार टोपीत, तुटक भाषा बोलत जादूगाराच्या मागे ओझं वाहत हिंडतो. १९६०मध्ये आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले आणि ती हवा या चौकटींतही शिरली. साठच्या दशकात लोथार शर्ट-पँट घालून नीट बोलू लागतो, नोकराचा मित्र होतो. वेताळाच्या देशात निवडणूक होते. लुआगा नावाचा काळा डॉक्टर निवडून येतो. बबाबू नावाचा सेनापती निकाल झुगारून सत्ता बळकावतो, तेव्हा वेताळ लुआगाच्या बाजूनं उभा राहतो, आणि काम झाल्यावर बाजूला होतो. राष्ट्राध्यक्ष लुआगाच राहतो. जंगल गस्ती दलाच्या प्रमुखपदीही पुढे वोरुबू हा काळा कर्नल येतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वेताळ डायनाशी लग्न करतो. डायना संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारी, आणि लग्नानंतरही ती नोकरी सोडत नाही.

फॉक १९९९मध्ये गेला. तेव्हा या नायकाला ६३ वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यानं जंगलाला मतपेटी दिली, पण गुहेतलं सिंहासन हलवलं नाही. निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष राजधानीत बसतो आणि वंशपरंपरेचा वेताळ गुहेत. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. अडचण आली की राष्ट्राध्यक्ष गुपचूप त्यालाच गाठतो. फॉकला ही तडजोड सोयीची वाटली असेल. आपल्याकडे पाटीलकी कायद्यानं गेली तरी पाटलाच्या वाड्यावर जाऊन विचारल्याशिवाय ग्रामसभेत हात वर न करण्याची रीत कितीतरी गावांत राहिली. ती ज्यानं पाहिली त्याला फॉकचा हा देश फार अनोळखी वाटत नाही.

एका गोष्टीत मात्र फॉकनं वतनाच्या रीतीला हात घातला होता. सतराव्या वेताळाला कामावर जाणं अशक्य होतं, तेव्हा त्याची जुळी बहीण ज्युली पोशाख चढवते आणि जंगल सांभाळते, तेही उत्तम. नायगावातली नववीतली एक मुलगी सुट्टीत हे अंक वाचत होती. तिला ज्युली फार आवडली. मग तिनं एकविसाव्या वेताळाच्या जुळ्यांची गोष्ट वाचली, किट आणि हेलॉईस, आणि चटकन विचारलं, “ज्युलीनं करून दाखवलं व्हतं ना? मग वारस परत पोरगाच का?” तिच्या आजोबांनी उत्तर न देता पेपर पुढे ओढला.

*

पेटीत वेताळाखाली दबलेला एक छोटा गठ्ठा होता, बहादूरचा. टपरीवाले काका सांगत होते, “बहादूरला कोण इचारायचं? दोन बहादूर दिले तर एक वेताळ मिळायचा. पोरं तेवढ्यालाबी कुरकुर करायची.”

बहादूर १९७६चा. लेखक आबिद सुरती, चित्रकार तेच गोविंद ब्राह्मणिया. म्हणजे मुखपृष्ठापुरते वेताळाचे असलेले गोविंद इथं आतल्या प्रत्येक चौकटीत आहेत. जयगड नावाचं गाव, डोंगरदऱ्या, डाकूंचा धाक. बहादूर हा डाकू भैरवसिंगाचा मुलगा. बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा, विशालचा, सूड घ्यायचा म्हणून तो पेटलेला असतो. बाप खरोखर कसा होता हे कळतं तेव्हा तो सूड सोडतो आणि विशालच्याच बाजूला येऊन उभा राहतो. मग गावातल्या माणसांचं नागरिक सुरक्षा दल उभारतो. बेला त्याच्या बरोबरीनं लढते. मुखवटा नाही. भगवा कुडता आणि जीन्स.

वेताळाच्या शेजारी ठेवून वाचल्यावर बहादूरची कल्पना किती धीट होती ते लक्षात येतं. वेताळ बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतो आणि ती पुढच्या वीस पिढ्यांना बांधून टाकते. बहादूर बापाच्या मारेकऱ्याला माफ करतो आणि बापाची गादी घ्यायलाच नकार देतो. वेताळाचं गुपित फुटलं तर सगळं कोसळेल. बहादूरचं काम चारचौघांत चालतं, आणि उद्या तो नसला तरी दल राहील. आणीबाणीच्या दिवसांत, माणसाभोवती देव्हारे रचले जात असताना, एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या घराण्यातून असा नायक निघावा हे आज नवलाचं वाटतं. चित्रांत बहादूर वेताळाच्या जवळपासही पोहोचत नाही. गोष्टीही कित्येकदा हिंदी सिनेमाच्या वळणावर जातात, डाकू, घोडे, गोळीबार, शेवटी बेड्या. पण नायकानं वारसा नाकारावा, हे धाडस इंद्रजालच्या दुसऱ्या कुठल्या नायकानं दाखवलेलं नाही.

आणि नायगावच्या परिसराला तर हे फारच जवळचं असायला हवं होतं. इथून जवळच बिलोली तालुक्यात अर्जापूर आहे. १९४६ साली गोविंदराव पानसरे तिथं निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यात मारले गेले. उमरीही याच पट्ट्यात. १९४८च्या जानेवारीत तिथल्या बँकेवर मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी धाड घातली, लढ्याला पैसा लागत होता म्हणून. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मोकळा झाला. रझाकारांच्या धाकात रात्री-अपरात्री सरहद्द ओलांडून शस्त्रं आणणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या माणसांच्या हकिगती घरोघरी म्हाताऱ्यांच्या तोंडी होत्या, आणि आम्ही त्याच ओसरीवर बसून डेंकालीच्या जंगलात न मरणाऱ्या माणसाच्या मागे हिंडत होतो.

इथली माणसं मरणारी होती. पानसरे गेले, पण त्यांचा मुखवटा घालून कुणी ‘तेच अजून जिवंत आहेत’ असं भासवलं नाही. त्यांचं काम पुढे नेणारे त्यांचे वंशज असायला हवेत असंही कुणाला वाटलं नाही. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तर संन्यासी. ना घर, ना मूल, ना गादी. त्यांनी मागे ठेवली ती शिकवलेली माणसं. १९७२मध्ये ते गेले, आणि आज नायगावातली मुलं ज्या विद्यापीठाची पदवी घेतात त्याला त्यांचं नाव आहे. एकाच परिसरात, एकाच शतकात, वंशानं चालणाऱ्या सत्तेविरुद्ध लढलेल्या माणसांच्या हकिगती आणि वंशानं चालणाऱ्या नायकाच्या गोष्टी शेजारी शेजारी नांदल्या. दुसरीनं पहिलीला झाकलं, कारण तिच्याकडे घोडा होता, कवटीची गुहा होती आणि रंग होते. त्यासाठी मुलांना दोष देता येत नाही. पानसऱ्यांची किंवा उमरीची गोष्ट तशा चौकटींत, तशा रेषेत, पानटपरीच्या दोरीवर टांगण्याजोगी करून त्या काळी कुणी आमच्या हातात ठेवली नाही.

म्हणून वेताळ टाकून द्यावा का? तसं वाटत नाही. आजही एडनच्या बेटाची गोष्ट वाचताना गंमत वाटते. तिथं सिंहांना लहानपणापासून मासे खायला घालून हरणांशेजारी राहायला शिकवलेलं असतं. असली कल्पना सुचायला बालसुलभ मन लागतं आणि फॉककडे ते अखेरपर्यंत होतं. बॅरीनं काढलेलं रात्रीचं जंगल अजून घाबरवतं. रोजनिशी लिहिण्याची शिस्तही आवडते. सत्ता चालवणाऱ्यानं रोज रात्री आपला हिशेब स्वतःच्या हातानं लिहून ठेवायचा, ही त्या वतनातली एक गोष्ट आपल्या लोकप्रतिनिधींनी जरूर उचलावी.

जुन्या अंकांना आता हजारो रुपये मोजणारे संग्राहक आहेत आणि काकांनाही त्याची कुणकुण आहे. पण पेटी विकायची नाही असं त्यांनी ठरवलंय. फाटके अंक शिवून, खाकी कव्हर घालून ते शाळेच्या वाचनालयाला द्यायचे आहेत. गुरुजी नोंदवही करतायत, आणि त्यांची अट एकच आहे: वेताळ आणि बहादूर एकाच कप्प्यात ठेवायचे, आणि एक नेणाऱ्याला दुसरा न्यावाच लागेल. काकांनी लगेच भाव सांगितला, “पण एकास एक. दोनला एक न्हाई.”